मच्छीमारांच्या डिझेलवरील कर परतावा (महाराष्ट्र)

मच्छीमारांच्या डिझेलवरील कर परतावा ही महाराष्ट्र शासनाच्या मत्स्यव्यवसाय विभागामार्फत राबविली जाणारी प्रतिपूर्ती योजना आहे. यांत्रिक मासेमारी नौकांसाठी खरेदी केलेल्या हायस्पीड डिझेलवर भरलेला राज्याचा मूल्यवर्धित कर या योजनेनुसार नौकामालकांना परत मिळतो. मच्छीमार डिझेलची पूर्ण किंमत आधी भरतो व कराची रक्कम त्याला नंतर मिळते. दावा मंजूर होणे आणि रक्कम हाती येणे या दोन वेगळ्या पायऱ्या असून दुसरी पायरी शासनाकडे उपलब्ध असलेल्या निधीवर अवलंबून असते. त्यामुळे मंजूर परताव्याची थकबाकी हा कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांचा जुना प्रश्न आहे.

पाली आणि उत्तन परिसर

पाली हे ठाणे जिल्ह्यातील मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील मच्छीमारांचे गाव आहे. भाईंदरच्या पश्चिमेला, अरबी समुद्राच्या काठी, उत्तन, चौक व डोंगरी या गावांच्या शेजारी ते वसले आहे. येथील कोळी समाजात ख्रिस्ती कुटुंबांची संख्या मोठी आहे. डोल जाळ्याने केली जाणारी मासेमारी आणि बोंबील सुकविण्याचा व्यवसाय ही या किनारपट्टीची ओळख होय. महानगराच्या हद्दीत असूनही येथील अनेक घरांचे वर्ष समुद्राच्या वेळापत्रकाने चालते. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. त्यामुळे कमाईचे साधारण दहा महिने उरतात आणि त्या काळात डिझेल, बर्फ, शिधा, जाळ्यांची दुरुस्ती व खलाशांची मजुरी हा खर्च मासळी विकली जाण्याआधीच करावा लागतो. या खर्चात डिझेलचा वाटा मोठा असतो.

कराचे स्वरूप

महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर लागू झाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तरी पेट्रोल व डिझेल त्याबाहेर ठेवण्यात आले. त्यामुळे डिझेलवर केंद्राचे उत्पादन शुल्क व राज्याचा मूल्यवर्धित कर हे दोन्ही आजही आकारले जातात. परतावा फक्त राज्याच्या कराचा मिळतो.

जानेवारी २०१३ मध्ये केंद्र सरकारने घाऊक ग्राहकांसाठी डिझेलचा दर किरकोळ दरापासून वेगळा केला. मच्छीमार सहकारी संस्था घाऊक ग्राहक ठरल्याने त्यांना चढ्या दराने डिझेल घ्यावे लागले. मार्च २०२२ मध्ये घाऊक दर लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी वाढल्यावर हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

दाव्याची कार्यपद्धती

लाभासाठी नौका नोंदणीकृत असावी लागते आणि महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ नुसार तिच्याकडे मासेमारीचा परवाना असावा लागतो. नौकामालक सामान्यतः गावातील मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद असतो. विभाग नौकांसाठी डिझेलचा कोटा मंजूर करतो व डिझेल संस्थेच्या पंपावरून उचलले जाते. खरेदीच्या नोंदी व देयके संस्थेमार्फत जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे जातात. तेथे नौकेची कागदपत्रे आणि उचललेले डिझेल यांची पडताळणी होऊन अनुज्ञेय रक्कम ठरते.

पूर्वी १२० अश्वशक्तीपेक्षा अधिक क्षमतेच्या इंजिनांच्या नौका या लाभापासून वंचित होत्या. ही अट काढून टाकण्याची घोषणा राज्याच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात करण्यात आली.

मंजुरी आणि निधी

दावा अनुज्ञेय ठरला तरी अधिकाऱ्याला तो तत्काळ चुकता करता येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २६६ नुसार राज्याच्या एकत्रित निधीतून कायद्याच्या आधाराशिवाय रक्कम काढता येत नाही. विधानसभा अनुच्छेद २०३ नुसार अनुदानाच्या मागण्या मंजूर करते आणि अनुच्छेद २०४ नुसार विनियोजन अधिनियम संमत होतो. त्यानंतर वित्त विभाग निधी टप्प्याटप्प्याने मुक्त करतो. वाटपाची नोंद ‘बीम्स’ या संगणकीय प्रणालीत होते. मग आहरण व संवितरण अधिकारी कोषागारात देयक सादर करतो.

वर्षासाठी केलेली तरतूद दाव्यांच्या एकूण रकमेपेक्षा कमी पडली की उरलेले दावे मंजूर असूनही प्रलंबित राहतात. अशा वेळी शासनापुढे दोन मार्ग असतात. एक, अनुच्छेद २०५ नुसार पुरवणी मागणी मांडणे, किंवा पुढील वर्षाच्या तरतुदीतून आधीची थकबाकी भागविणे. दुसऱ्या मार्गात नव्या वर्षाची तरतूद जुन्या दाव्यांतच खर्ची पडते आणि थकबाकीची साखळी तुटत नाही.

याच्या उलट अडचण ३१ मार्चला येते. त्या दिवसापर्यंत न खर्चलेली तरतूद व्यपगत होते. ती टाळण्यासाठी रक्कम आधीच काढून ठेवण्यास वित्तीय नियमांची मनाई आहे. म्हणून वर्षअखेरीस आलेला निधी कागदपत्रांतील एखाद्या त्रुटीमुळे वाटला गेला नाही, तर त्या दाव्यासाठी पुन्हा नव्या तरतुदीची वाट पाहावी लागते.

मुदतबाह्य धनादेश

शासकीय देणी पूर्वी मुख्यतः धनादेशाने दिली जात. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची वैधता सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली. मुदत उलटलेला धनादेश बँक वटवीत नाही. परंतु त्यामुळे मूळ देणे संपत नाही, संपते ती केवळ त्या कागदाची वैधता.

अशा वेळी धनादेश तो देणाऱ्या कार्यालयाकडे लेखी अर्जासह परत करावा लागतो. जुना धनादेश वटला नसल्याची खात्री करून तो रद्द केला जातो, नोंदवहीत तशी नोंद होते व नंतर नवा धनादेश दिला जातो. धनादेश हरवला असल्यास रक्कम अदा न झाल्याचा बँकेचा दाखला व क्षतिपूर्ती बंधपत्र मागितले जाते. नौकामालकाचे निधन झाले असल्यास वारसाची कागदपत्रे लागतात. आर्थिक वर्ष बदलले असल्यास रद्द झालेल्या धनादेशाच्या रकमेचा हिशेब जुळवूनच पुढील कार्यवाही होते.

थेट बँक खात्यात जमा

आता शासकीय अनुदाने प्रामुख्याने थेट बँक खात्यात जमा होतात. त्यामुळे मुदतबाह्य धनादेशाचा प्रश्न कमी झाला असला, तरी त्याची जागा ‘परत आलेल्या’ रकमेने घेतली आहे. खाते बंद असणे, आधार संलग्न नसणे, नौकेच्या परवान्यावरील व बँकेतील नावांत फरक असणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. बँकांच्या विलीनीकरणाचाही परिणाम झाला. देना बँक व विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या आणि त्यांचे जुने आयएफएससी संकेतांक १ मार्च २०२१ पासून बंद झाले. ज्यांच्या शासकीय अर्जांवर जुने संकेतांक होते, त्यांना ते बदलून देणे आवश्यक झाले.

परिणाम

परतावा ही देणगी नसून मच्छीमाराने आधीच भरलेल्या कराची परतफेड आहे. तो लांबल्यास तेवढा काळ नौकामालकाचे खेळते भांडवल शासनाकडे अडकून राहते. उदाहरणादाखल, परतावा लिटरमागे १५ रुपये धरला आणि एका नौकेने महिन्याला १,००० लिटर डिझेल उचलले, तर दहा महिन्यांच्या हंगामात १,५०,००० रुपये येणे होतात. ते वेळेवर न मिळाल्यास पुढील हंगामाची तयारी संस्थेच्या उधारीवर किंवा मासळी व्यापाऱ्याच्या उचलीवर करावी लागते. उचल घेतलेल्या मच्छीमाराला मासळी बहुधा त्याच व्यापाऱ्याला द्यावी लागते व भाव ठरविण्याची त्याची शक्ती घटते. थकबाकीचा भार संस्थेवरही पडतो, कारण सभासदांची उधारी वसूल न झाल्यास डिझेल कंपनीला आगाऊ रक्कम भरणे तिला कठीण जाते.

दाद मागण्याचे मार्ग

दाव्याची स्थिती, मंजूर रक्कम आणि निधी वितरणाचा दिनांक माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार मागता येतो. अशा अर्जाला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दावा कार्यालयात अडला आहे की निधीअभावी थांबला आहे, हे या उत्तरावरून कळते. पहिल्या प्रकारात त्रुटीची पूर्तता करून मार्ग निघतो. दुसऱ्या प्रकारात मच्छीमार संघटना लोकप्रतिनिधींमार्फत पुरवणी मागणीचा आग्रह धरतात.

मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. तथापि कर परताव्यासाठी दरवर्षी तरतूद होणे आणि ती वेळेत वितरित होणे यांची गरज त्यानंतरही कायम आहे.

हेही पाहा

मिरा-भाईंदर महानगरपालिका
उत्तन
कोळी समाज
मूल्यवर्धित कर
पुरवणी मागण्या