दंडावरची खूण

आमच्या नारायणगावात जुन्या माणसांच्या दंडावर देवी काढल्याच्या गोल खुणा हटकून दिसत. बाईच्या आणि बाप्याच्या दंडावर खूण एकच. पण आत लशीचे काम दोघांत सारखेच होते काय? या प्रश्नापायी मी जुना इतिहास चाळू लागलो.

हिंदुस्थानात ही खूण प्रथम उमटली ती एका मुलीच्या दंडावर. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या पोरीला बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आलेली लस टोचली आणि तिच्यापासून दंडादंडाने ती देशभर पसरली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकीनसाहेबांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ही लस पुरुषाला थोडी अधिक, बाईला थोडी कमी देण्याची रीत होती. हिशेब देहाच्या आकारमानाचा असावा.

पुढे शंभर वर्षांनी निराळेच कोडे उलगडले. अमेरिकेत १,११४ निरोगी माणसांवर फ्लूच्या लशीचा प्रयोग झाला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या मात्रेने स्त्रियांच्या रक्तात जेवढी प्रतिपिंडे तयार झाली, तेवढ्यांसाठी पुरुषांना जवळजवळ पूर्ण मात्रा लागली! स्त्रियांतले संप्रेरक प्रतिकाराला जोर देते, पुरुषांतले त्याला आवर घालते. शिवाय प्रतिकाराची कित्येक जनुके ज्या एक्स गुणसूत्रावर असतात, ते बाईपाशी दोन असतात. मात्र दंड सुजणे, अंग तापणे हेही तिच्याच वाट्याला अधिक येते. त्याला नाजूकपणा म्हणून हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

यातली एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. सेनेगल, गिनी-बिसाऊ आणि हैती येथे तान्ह्या बाळांना गोवराची अधिक ताकदीची लस दिली गेली. गोवर टळला, पण ती घेतलेल्या मुली पुढे नेहमीची लस घेतलेल्या मुलींपेक्षा जास्त दगावल्या. मुलग्यांत तसे दिसले नाही. १९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती लस बंद करविली. मुलगे-मुली एकाच रकान्यात मोजले असते, तर हे उमगते ना!

म्हणून वाचकहो, डॉक्टर सांगतील ती मात्रा घरातल्या सर्वांनी पुरी घ्यावी. अर्ध्या-पाऊण मात्रेचे गणित घरी करू नये. पण लशीचा हिशेब ठेवणाऱ्यांनी लेकीचा रकाना वेगळा आखावा. पहिला दंड तिनेच पुढे केला होता. तेवढा तिचा हक्क आहे.