सुताराच्या मापातली सातेरी

मी सुतार. माझी उमेदीची वर्षं मधपेट्या करण्यात गेली. आमच्या धंद्यात माशीची जात मापावरून कळते. दोन पोळ्यांमध्ये माशी किती जागा सोडते ते समजलं, की पेटी जमली.

अमेरिकेत लँगस्ट्रॉथ या मधपाळानं १८५१ साली हेच हेरलं. फट फार अरुंद ठेवली तर त्याच्या माश्या ती डिंकानं बुजवायच्या, फार रुंद ठेवली तर तिथंही पोळं बांधायच्या. बेताची असली तर ये-जा करायला मोकळी सोडायच्या. म्हणून पोळं न मोडता चौकट उचलता येऊ लागली.

पण ती माशी युरोपातली, अंगानं थोराड. तिची पेटी आपल्या सातेरीला, म्हणजे इथल्या देशी मधमाशीला, द्यायची म्हणजे दोन माणसांच्या संसाराला चौसोपी वाडा. तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटननी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेतल्या सातेरीच्या अंगाची छोटी पेटी बेतली. तीच पेटी काश्मीरला अपुरी पडते, कारण तिथली सातेरी मोठी. आपल्याकडे पोळ्यातलं कामकरी माशीचं घर चार मिलिमीटरहून थोडं रुंद, तिथं पाचाच्या जवळ. वसाहतही भरगच्च. म्हणूनच भारतीय मानकात एकट्या सातेरीला दोन मापं आहेत, ‘ए’ आणि ‘बी’.

शास्त्रज्ञांनीही आधी पट्टीच हाती घेतली. पंख, पाय, जीभ मोजून रुटनर यांनी १९८८च्या ग्रंथात सातेरीच्या उपजाती वेगळ्या मांडल्या. पुढं डीएनए तपासला, तेव्हा डोंगरातली काळसर आणि सपाटीवरची पिवळसर माशी आईकडून आलेल्या वंशातही निराळी निघाली.

१९६२च्या सुमारास कांगड्यात युरोपची तीच थोराड माशी, मेलिफेरा, रुजली. ती मध जास्त देते, म्हणून तिचा बोलबाला झाला. १९९१-९२मध्ये थाई सॅकब्रूड हा विषाणू दक्षिणेत शिरला. सातेरीच्या अळ्या पिशवीसारख्या फुगून मेल्या, केरळात बहुतेक पेट्या ओस पडल्या. पुन्हा भरल्या त्या तग धरून राहिलेल्या तिथल्याच वसाहतींतून.

त्यामुळे पेटी मागायला आलेल्याला मी आधी विचारतो, “वसाहत कुठली?” जवळच्या रानातली असेल तर लगेच करवत हाती घेतो. लांबून स्वस्तात आणणार असेल तर सांगतो, बाबा, पेटी मी कुठल्याही मापाची करीन. पण इथल्या पावसात आणि इथल्या रोगात टिकणारी माशी इथंच घडलेली लागते.