प्रतीची साक्ष : डिजिटल जलचिन्ह आणि पडद्यावरील रंगाचे अंशशोधन

१

संहितेविषयीचा पुरावा केवळ अक्षरांत नसतो. तो कागदात, शाईत आणि रंगातही असतो, ही गोष्ट पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना नवी नाही. १९०८ साली डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी 'द लायब्ररी' या नियतकालिकात शेक्सपिअरच्या नावाशी जोडलेल्या दहा नाटकांच्या क्वार्टो आवृत्त्यांचा प्रश्न सोडवला, तो अशाच पुराव्याच्या बळावर. या आवृत्त्यांपैकी काहींच्या शीर्षकपृष्ठावर १६००, काहींवर १६०८, तर काहींवर १६१९ हे साल होते. परंतु त्या एकाच मिश्र कागदसाठ्यावर छापलेल्या आहेत, हे ग्रेग यांनी कागदातील जलचिन्हांवरून दाखवून दिले. सर्व पुस्तके १६१९ च्या सुमाराचीच होती. शीर्षकपृष्ठाने दिलेली खोटी साक्ष कागदाने खोडून काढली.

भारतीय हस्तलिखितांत असेच काम अनेकदा रंग करतो. लेखनिकाकडून चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ लावून ती रद्द करायची आणि वर शुद्ध पाठ लिहायचा, अशी रीत होती. मराठीतील 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार याच रीतीची आठवण जपतो. पोथीच्या पानावर पिवळा पट्टा दिसला की तेथे एक पाठ बाद होऊन दुसरा आला आहे, हे अभ्यासकाला कळते.

ग्रंथाचे छायाचित्र झाले की या दोन्ही साक्षी दुबळ्या होतात. पानावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात घेतलेल्या साध्या छायाचित्रात जलचिन्ह सहसा उमटत नाही, आणि काळ्यापांढऱ्या मायक्रोफिल्मवर हरताळ करड्या छटेत विरून जाते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हस्तलिखिते संगणकाच्या पडद्यावर येऊ लागली, तेव्हा या दोन उणिवांशी समांतर अशी दोन तंत्रे पुढे आली. एक डिजिटल जलचिन्हाचे. दुसरे पडद्यावरील रंगाच्या अंशशोधनाचे, म्हणजे कॅलिब्रेशनचे. पहिले तंत्र प्रतिमेत हेतुपुरस्सर बदल करते; दुसरे अहेतुक बदल टाळू पाहते. अभियांत्रिकीच्या इतिहासात त्यांच्या कथा बहुधा स्वतंत्रपणे सांगितल्या जातात. तथापि मूळ वस्तू समोर नसताना प्रतीवर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा, या एकाच प्रश्नाला ती दोन्ही सामोरी जातात.

२

कागदातील जलचिन्हाचा सर्वांत जुना ज्ञात नमुना १२८२ च्या सुमारास इटलीत आढळतो, आणि फाब्रियानो हे गाव त्या कारागिरीचे प्रमुख केंद्र होते. कागदाच्या साच्यातील जाळीवर वाकवलेली तार बसवली की तेवढ्या जागी लगदा पातळ बसतो आणि पान उजेडासमोर धरताच आकृती दिसते. शार्ल-मोईझ ब्रिके यांनी १९०७ साली चार खंडांत अशा सोळा हजारांहून अधिक चिन्हांचा कोश प्रसिद्ध केला. कागद करणाऱ्याने चिन्ह घातले ते मालाच्या ओळखीसाठी. ग्रंथांचा काळ ठरवणाऱ्या पंडितांचा विचार त्याच्या मनात असणे शक्य नव्हते. साचा काही काळातच झिजे, तार सरके, चिन्हाचा आकार किंचित बदले, आणि त्या बदलांतूनच पुढे कालनिश्चिती शक्य झाली. अभ्यासकाने या साक्षीवर विश्वास ठेवला, कारण ती त्याच्यासाठी दिलेली नव्हती.

विद्युत् संकेतात ओळखचिन्ह घालण्याची कल्पना संगणकीय प्रतिमांपूर्वीची आहे. म्युझॅक कंपनीचे एमिल हेम्ब्रुक यांनी १९५४ मध्ये त्यासाठी पेटंटचा अर्ज केला व १९६१ मध्ये ते मंजूर झाले. संगीताच्या ध्वनिसंकेतातील एक अरुंद कंपनपट्टा मोर्स संकेताच्या क्रमाने अधूनमधून गाळायचा, म्हणजे श्रोत्याला न जाणवता मालकाची ओळख संगीतातच राहील, अशी ही योजना होती. प्रतिमांच्या क्षेत्रात ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू टिर्केल, चार्ल्स ऑस्बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली 'इलेक्ट्रॉनिक वॉटर मार्क' या शीर्षकाचा निबंध सादर केला. प्रत्येक पिक्सेलच्या संख्येतील सर्वांत कमी महत्त्वाच्या अंकस्थानी, म्हणजे डोळ्याला फरक कळणार नाही अशा ठिकाणी, चिन्ह लपवण्यावर त्यांचा भर होता.

या पद्धतीतील दोष लवकरच स्पष्ट झाला. डोळ्याला न दिसणारा तपशील नेमका तोच असतो, जो प्रतिमा लहान करणारी संक्षेपणाची तंत्रे टाकून देतात. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील एनईसी संशोधनसंस्थेत इंगेमार कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात उलट मार्ग सुचवला. चिन्ह प्रतिमेच्या सर्वांत महत्त्वाच्या घटकांत घालावे. प्रतिमेचे गणिती रूपांतर केल्यावर जे हजार गुणांक सर्वांत मोठे निघतात, त्यांत ते अत्यल्प प्रमाणात पसरावे. मग चिन्ह पुसू पाहणाऱ्याला चित्रच बिघडवावे लागेल. संहितेच्या भाषेत सांगायचे, तर समासात लिहिलेली खूण येथे मूळ ओळींत विणली गेली.

३

रंगाचा प्रश्न याहून जुना आणि अधिक गुंतागुंतीचा. संगणकातील प्रतिमेत प्रत्यक्ष रंग नसतोच. प्रत्येक पिक्सेलसाठी तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन संख्या असतात. त्या संख्यांतून कोणता रंग दिसेल हे पडद्याच्या घडणीवर, वयावर आणि खोलीतील उजेडावर अवलंबून असते. शिवाय पडद्यावरील प्रकाश संख्येच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. सामान्य पडद्यावर संकेत निम्मा केला तर प्रकाश निम्मा न होता सुमारे एकपंचमांश उरतो. त्यामुळे दोन विद्यापीठांतील दोन अभ्यासक एकच प्रतिमा उघडून शाईच्या छटेविषयी वेगवेगळे निष्कर्ष काढू शकतात, आणि दोघेही आपापल्या पडद्याशी प्रामाणिक असतात.

या गोंधळावर उपाय करायचा तर रंगाला यंत्रापासून स्वतंत्र असे माप हवे. ते माप १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने निश्चित केले. त्याच्या मुळाशी डेव्हिड राइट यांचे दहा आणि जॉन गिल्ड यांचे सात निरीक्षकांवरील प्रयोग होते. इंग्लंडमधील या सतरा व्यक्तींच्या डोळ्यांच्या सरासरीतून जगाचा 'प्रमाण निरीक्षक' घडला. १९७६ साली त्यात सुधारणा होऊन मापातील अंतर आणि डोळ्याला जाणवणारे अंतर शक्य तितके जुळेल, अशी रंगपद्धती सिद्ध झाली. अंशशोधनात पडद्यावर ठरावीक संख्या पाठवून बाहेर पडणारा प्रकाश उपकरणाने मोजतात, पडद्याला नेमून दिलेल्या स्थितीत आणतात, आणि त्याच्या वर्तनाची नोंद म्हणजे 'प्रोफाइल' तयार करतात. या नोंदींना सामाईक रूप देण्यासाठी १९९३ साली आठ कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय रंगसंघ स्थापला. १९९६ मध्ये ह्युलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी सामान्य पडद्यांसाठी एसआरजीबी हे प्रमाण सुचवले व १९९९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

कलावस्तूंच्या क्षेत्रात या विचाराचा महत्त्वाचा प्रयोग लंडनच्या नॅशनल गॅलरीत झाला. युरोपीय समुदायाच्या साहाय्याने १९८९ साली सुरू झालेल्या 'व्हसारी' प्रकल्पात चित्रांचे ग्रहण नेहमीच्या तीनऐवजी सात गाळण्यांतून केले गेले. चित्राचे मोजलेले रंग जपून ठेवले, तर काही वर्षांनी पुन्हा मोजून त्यात झालेला बदल ओळखता येईल, ही त्यामागील दृष्टी होती. प्रतिमा येथे केवळ पाहण्याची वस्तू न राहता मापनाची नोंद झाली.

४

हे दोन प्रवाह एकत्र आले ते रोमच्या व्हॅटिकन ग्रंथालयात. लिओनार्ड बॉइल हे लिपिशास्त्रज्ञ ग्रंथपाल असताना, १९९० च्या दशकाच्या मध्यावर, ग्रंथालयाने आयबीएम कंपनीबरोबर एक प्रकल्प हाती घेतला. संग्रहात सुमारे दीड लाख हस्तलिखिते होती, पण रोमला जाण्याचा खर्च आणि वेळ परवडणारे वर्षाकाठी केवळ दोन हजारांच्या आसपास अभ्यासक ती पाहू शकत. प्रतिमा दूरवर पोचवण्यातील अडचणी १९९६ च्या अहवालात मांडल्या आहेत. त्यांत अभ्यासाला पुरेल इतका तपशील व विश्वासार्ह रंग टिपणे ही एक होती, आणि अनधिकृत वापरापासून प्रतिमांचे रक्षण ही दुसरी. या दोन मागण्या परस्परांना छेद देणाऱ्या होत्या. रक्षणासाठी पानावर मुद्रा उमटवावी, तर अभ्यासकाच्या पुराव्यालाच धक्का लागतो.

आयबीएमचे गॉर्डन ब्रॉडअवे, कॅरन मॅगरलाइन आणि फ्रेडरिक मिंट्झर यांनी या पेचातून काढलेला मार्ग 'रंगशुद्ध जलचिन्ह' या अर्थाच्या शीर्षकाने जून १९९६ मध्ये पेटंट झाला. त्यांचे चिन्ह दृश्य होते. ते पानाच्या मोठ्या भागावर पसरलेले असावे, म्हणजे कडा कापून टाळता येणार नाही. ते स्पष्ट दिसावे, पण खालचा मजकूर झाकू नये. आणि ते पुसण्याचे श्रम रीतसर परवानगी घेण्याच्या श्रमांहून अधिक असावेत, अशा त्यांच्या अटी होत्या. शोधाचे मर्म पुढच्या पायरीत आहे. चिन्हाच्या जागी पिक्सेलच्या तिन्ही घटकांचा प्रकाश एकाच प्रमाणात कमीअधिक केला, तर तेज बदलते पण वर्ण बदलत नाही. तांबडी शाई थोडी उजळ किंवा मंद दिसेल. ती तपकिरी होणार नाही. हा बदल जाणिवेच्या मापात सारखा राखला, म्हणजे चिन्ह काळ्या अक्षरांवर आणि फिकट चर्मपत्रावर सारख्याच तीव्रतेने जाणवते.

परंतु हे करण्यासाठी पिक्सेलच्या संख्येमागे नेमका किती प्रकाश आहे हे आधी माहीत हवे. म्हणजेच रंगमापनाच्या पायावाचून असे चिन्ह घालता येत नाही. ज्या पद्धतीने पाठ बदलायचा, त्याच पद्धतीने बदलाची मर्यादा जाहीर करायची, अशी शिस्त येथे दिसते. चांगला संपादक आपली दुरुस्ती कंसात देतो आणि मूळ वाचन तळटीपेत राखतो, त्याच जातीची ही शिस्त आहे.

५

प्रतिमा अस्सल आहे का, आणि ती कोणाची, हे प्रश्न मात्र एवढ्याने सुटले नाहीत. १९९७ साली मिनर्व्हा येउंग व मिंट्झर यांनी एक नाजूक, अदृश्य चिन्ह सुचवले. प्रतिमेत कोठेही फेरफार झाला तर त्या जागीच चिन्ह तुटावे आणि तपासणाऱ्याला ती जागा दिसावी, असा त्यामागचा हेतू होता. २००० साली मॅथ्यू हॉलिमन व नासिर मेमन यांनी याही प्रकारावर मात करता येते हे दाखवले. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासला जात असेल, तर एकाच चिन्हाच्या अनेक प्रतिमांतील योग्य तुकडे जोडून नवी, तरीही 'शुद्ध' ठरणारी प्रतिमा रचता येते. ग्रंथविक्रीच्या इतिहासात निरनिराळ्या प्रतींची अस्सल पाने जोडून 'संपूर्ण' पुस्तक सिद्ध केल्याची उदाहरणे आहेत; त्या युक्तीचे हे गणिती रूप होय.

याहून मूलगामी आक्षेप स्कॉट क्रेव्हर, मेमन, बून-लॉक येओ आणि येउंग यांनी १९९७-९८ च्या सुमारास मांडला. समजा, एकाने आपली प्रतिमा चिन्हांकित करून प्रसिद्ध केली. दुसऱ्याने तीत भर घालण्याऐवजी तिच्यातून स्वतःचे चिन्ह वजा केले आणि उरलेली प्रतिमा 'माझी मूळ प्रत' म्हणून पुढे आणली. आता पहिल्याच्या मूळ प्रतीतही दुसऱ्याचे चिन्ह सापडते, आणि दुसऱ्याच्या तथाकथित मूळ प्रतीत पहिल्याचे. केवळ प्रतिमा पाहून खरा मालक ठरवता येत नाही. चिन्ह मूळ प्रतिमेपासूनच एकदिशा गणिती प्रक्रियेने काढले जावे, किंवा प्रसिद्धीपूर्वी तिची कालनोंद तिसऱ्याकडे व्हावी, हे त्यावरील उपाय ठरले.

तौलनिक साहित्याभ्यासाला हा पेच चांगला परिचित आहे. दोन संहितांतील साम्य निर्विवाद असले, तरी ते एकटे प्रभावाची दिशा सांगत नाही. कोणी कोणाकडून घेतले हे ठरवण्यासाठी संहितेबाहेरचा काळाचा व संक्रमणाचा पुरावा लागतो. चिन्हशास्त्रज्ञ गणिताच्या वाटेने त्याच निष्कर्षाशी येऊन पोचले.

अंशशोधनाचीही मर्यादा याच प्रकारची आहे. प्रोफाइल केवळ प्रतिमेशी जोडलेले असून भागत नाही. पडदा ठरावीक काळाने पुन्हा मोजावा लागतो, आणि ग्रहणाच्या वेळी पानाशेजारी ज्ञात रंगांची पट्टी ठेवावी लागते. पट्टी चौकटीतून कापून टाकली की पुढच्या वाचकाकडे रंग पडताळण्याचे साधन उरत नाही.

६

भारत सरकारने २००३ साली राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू केल्यानंतर येथील पोथ्यांच्या प्रतिमांचे प्रमाण वाढत गेले. त्यामुळे हा इतिहास भारतीय भाषांच्या अभ्यासकालाही दूरचा राहिलेला नाही. त्याच्यापुढील पोथीच्या प्रतिमेत पिवळी छटा दिसली, तर ती हरताळ आहे की पडद्याचा दोष, हा पाठनिर्णयाचाच प्रश्न असतो.

प्रतिमांची विश्वासार्हता पुढे अधिकच कठीण झाली. २०२१ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन प्रतिमेच्या उगमाची व बदलांची स्वाक्षरीयुक्त नोंद ठेवण्यासाठी सी-टू-पी-ए हा संघ स्थापला. २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने यंत्रनिर्मित प्रतिमा ओळखण्यासाठी सिंथआयडी हे अदृश्य चिन्ह जाहीर केले. पूर्वी चिन्ह मालकी सांगत असे. येथे ते प्रतिमा यंत्राने रचली आहे हे सांगते.

फाब्रियानोच्या कारागिराची तार न सांगता साक्ष देऊन गेली. डिजिटल चिन्ह आणि प्रोफाइल या मात्र सांगून दिलेल्या साक्षी आहेत. त्या कोणी, केव्हा, कोणत्या हेतूने आणि कोणत्या उपकरणाने दिल्या, हे विचारणे भाग आहे. डिजिटल प्रतिमा ही मूळ पोथी नव्हे. ती तिची आणखी एक प्रत आहे, आणि तिलाही लेखनिक असतो. हस्तलिखिताचा संकेतांक आणि स्थळ नोंदवल्याशिवाय पाठ उद्धृत होत नाही, त्याचप्रमाणे ग्रहणाची तारीख, रंगाची नोंद आणि चिन्हाचा प्रकार यांचा निर्देश झाल्याशिवाय प्रतिमेवर आधारलेला पाठनिर्णयही पुरा मानता येणार नाही.