नोंद आणि नजर

दुकानाच्या वहींत विकलेल्या मालाची नोंद असते. रिकाम्या हातानें परतलेल्या गिऱ्हाइकाची नसते. अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत, डेटन येथें, जेम्स रिटी या मद्यगृहाच्या मालकानें १८७९ सालीं गल्ल्याची नोंद ठेवणारें यंत्र केलें, तें नोकरांच्या अफरातफरीस आळा घालण्यासाठीं. त्याच संस्थानांत ट्रॉय येथें २६ जून १९७४ रोजीं च्युइंगमच्या वेष्टनावरील रेघा यंत्रानें वाचल्या, आणि वस्तुवार विक्री तत्काळ कळूं लागली. तथापि न झालेली विक्री यंत्रास दिसेना. जपानांतील सेव्हन-इलेव्हन दुकानांत १९८२ पासून विक्रीची वस्तुवार नोंद ठेवणारीं यंत्रें आलीं. परंतु उद्यांचें हवामान, जवळपासचे समारंभ पाहून माणसानें अंदाज बांधावा व आंकड्यांनीं तो पडताळावा, अशी रीत तेथें पडली. गिऱ्हाईक कां परतलें, हें विचारावयास माणूसच लागतो.