धातुक चिखल्याचे, वीज परमुलखाची

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात, मध्यप्रदेशच्या सीमेलगत वसलेले चिखला हे गाव शंभराहून अधिक वर्षे मँगनीजच्या खाणीसाठी ओळखले जाते. परंतु या गावाचा आणि त्याच्या शेजारच्या डोंगरी बुजुर्ग, सीतासावंगी, गोबरवाही या टापूचा इतिहास विजेच्या अंगाने वाचला, तर प्रादेशिक वीजनियोजन आजवर कोणाची मागणी मोजत आले, याचे उत्तर राजधानीतल्या अहवालांपेक्षा येथे अधिक स्पष्ट मिळते. वीजनियोजन म्हणजे एखाद्या प्रदेशात पुढील काही वर्षांत विजेची मागणी किती, कोठे आणि कोणत्या वेळी वाढेल याचा अंदाज बांधून निर्मिती, पारेषण आणि वितरण या तिन्हींची तरतूद मागणी येण्यापूर्वी करून ठेवणे होय. पारेषण म्हणजे उच्च दाबाने वीज दूरवर वाहून नेणे आणि वितरण म्हणजे तीच वीज उपकेंद्रात उतरवून घराघरांत, शेताशेतांत पोचवणे. या तिन्हींपैकी निर्मितीकडे सर्वांचे लक्ष गेले, पारेषणाकडे गरजेपुरते गेले आणि वितरणाकडे सर्वात शेवटी गेले. या टापूच्या वीज-इतिहासाचे सार एवढेच आहे, पण ते कसे घडले हे पाहण्याजोगे आहे.

मध्यप्रांतातील मँगनीजचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. 1896 मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटने नागपूर, भंडारा आणि बालाघाट या पट्ट्यात खाणी उघडल्या, आणि पुढे तिचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी ही ब्रिटिश कंपनी झाली. भूवैज्ञानिक लुईस फर्मोर यांनी 1909 मध्ये भारतातील मँगनीजच्या साठ्यांवर जो विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या पट्ट्याला मोठे स्थान मिळाले. त्या काळातील खाणकाम उघड्या खाणीतले आणि मनुष्यबळाचे होते. दगड फोडणे, धातुक हाताने निवडणे, टोपल्यांनी वाहणे ही कामे पुरुषांबरोबर स्त्रियाही करीत, आणि विजेवाचून हा सारा व्यवहार चालत असे. तुमसर रोड ते तिरोडी ही रेल्वेशाखा याच धातुकाच्या वाहतुकीमुळे महत्त्वाची झाली. 1931 मध्ये रायपूर–विजयनगरम मार्ग पूर्ण झाल्यावर आणि 1933 मध्ये विशाखापट्टणमचे बंदर खुले झाल्यावर मध्यप्रांताच्या मँगनीजला पूर्वकिनाऱ्याचा जवळचा रस्ता मिळाला, आणि परदेशातील पोलाद कारखान्यांकडे माल जाण्याची व्यवस्था पक्की झाली.

येथे मँगनीज आणि वीज यांचा संबंध नीट समजून घेतला पाहिजे. मँगनीजच्या धातुकाचा मुख्य उपयोग पोलाद बनवताना होतो. त्यासाठी ते कोक कोळशाबरोबर वितळवून फेरोमँगनीज किंवा सिलिकोमँगनीज नावाचा मिश्रधातू करावा लागतो, आणि विद्युतभट्टीत असा एक टन फेरोमँगनीज तयार करण्यास साधारणपणे 2,500 ते 3,000 युनिट, तर सिलिकोमँगनीजला 4,000 युनिटांच्या आसपास वीज लागते. म्हणजे या उद्योगात धातुकाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विजेचा भाव निर्णायक ठरतो, आणि भट्टी खाणीजवळ उभी राहते की विजेजवळ, हे विजेच्या उपलब्धतेवर ठरते. याचे सर्वात बोलके उदाहरण तुमसरच्याच व्यापारी घराण्याचे आहे. मँगनीजच्या व्यापारात नावारूपाला आलेल्या श्रीराम दुर्गाप्रसाद यांच्या घराण्याने 1955 मध्ये फेरो अलॉइज कॉर्पोरेशन स्थापन केले, पण कारखाना उभा राहिला तो तुमसरला नव्हे, तर आंध्रातील गरिविडीजवळच्या श्रीरामनगर येथे. विशाखापट्टणमचे बंदर तेथून जवळ होते, आणि मचकुंड जलविद्युत प्रकल्पाची वीज त्याच वर्षापासून त्या टापूत मिळू लागली होती. भांडवल भंडारा जिल्ह्याचे, भट्टी आंध्रात: वीजनियोजनातील उणिवेची किंमत एखादा प्रदेश कशी मोजतो, हे यातून दिसते.

वास्तविक याच्या दहा-बारा वर्षे आधी देशपातळीवर अगदी वेगळा विचार मांडला गेला होता. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे वीज हा विषयही होता. युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या विद्युतशक्तीविषयक धोरण समितीपुढे 25 ऑक्टोबर 1943 रोजी भाषण करताना त्यांनी वीज ही गरिबीच्या फेऱ्यातून सुटण्यासाठी लागणाऱ्या औद्योगिकीकरणाची पूर्वअट मानली, आणि ती स्वस्त व मुबलक हवी, असा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड स्थापन झाले. 1910 च्या विद्युत कायद्याने वीज हा परवानाधारक कंपन्यांचा शहरापुरता व्यवसाय ठरवला होता. त्यातून बाहेर पडून 1948 च्या विद्युत पुरवठा कायद्याने प्रांतवार वीज मंडळांची कल्पना आणली, तिच्यामागे ही विचारांची पार्श्वभूमी होती. याच बाबासाहेबांनी 1954 मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले, ही गोष्ट जिल्ह्याच्या स्मृतीत आहे; त्यांचा वीजविचार मात्र जिल्ह्याच्या चर्चेत फारसा आला नाही, याची खंत वाटते.

स्वातंत्र्यानंतर नागपूरजवळ खापरखेडा येथे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले आणि कन्हानला फेरोमँगनीजचा कारखाना निघाला; भट्टी विजेच्या मागे जाते, या नियमाला ते धरूनच होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. एकाच खनिजपट्ट्याच्या मधून राज्याची सीमा गेली आणि पट्ट्याचे वीजनियोजन दोन मंडळांकडे विभागले गेले. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. 1962 मध्ये खाणींचा कारभार मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेडकडे आला. त्यात केंद्र व दोन्ही राज्य सरकारांचे मिळून 51 टक्के भाग होते, आणि 1977 मध्ये ब्रिटिश कंपनीचे उरलेले 49 टक्केही घेण्यात आले. पुढे याच सार्वजनिक कंपनीने स्वतःचा फेरोमँगनीज कारखाना काढला, तो बालाघाटला. तुमसरजवळ युनिव्हर्सल फेरोचा कारखाना निघाला खरा, पण तोही काळाच्या ओघात बंद पडला.

चिखल्याची खाण भूमिगत झाल्यावर विजेचे स्थान मूलतः बदलले. जमिनीखालच्या खाणीत कामगारांना व मालाला वर-खाली नेणारे यंत्र, हवा खेळती ठेवणारे पंखे, दाबहवेची यंत्रे आणि झिरपणारे पाणी उपसणारे पंप हे सारे विजेवर चालते. उघड्या खाणीत वीज गेली तर काम थांबते. भूमिगत खाणीत वीज गेली तर पाणी चढते, हवा कोंडते आणि खाली असलेल्या माणसाचा जीव धोक्यात येतो. म्हणून खाणीची मागणी आकाराने मध्यम असली तरी अखंडतेच्या दृष्टीने ती पहिल्या प्रतीची आहे.

खाणीच्या शेजारची शेती याच काळात विजेकडे वळली. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या कसबी हातांनी बांधलेले आणि पुढे मालगुजारांच्या ताब्यात असलेले तलाव, ज्यांना आज माजी मालगुजारी किंवा लोकांच्या तोंडी मामा तलाव म्हणतात, उताराने पाणी देत आणि धान पिकवत, त्यासाठी एक युनिटही लागत नसे. तलावांत गाळ साचत गेला, बोअर आणि विहिरी वाढल्या, उन्हाळी धानाचे क्षेत्र वाढले, आणि पाणी उताराऐवजी मोटारीवर चढू लागले. उन्हाळी धानाला फेब्रुवारी ते एप्रिल कडक उन्हातही बांधीत पाणी ठेवावे लागते. त्यामुळे त्या तीन महिन्यांत वाहिनीवर जो भार येतो, तो वर्षाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे जातो. सरासरी भार आणि शिखर मागणी यांच्या या गुणोत्तराला भारगुणक म्हणतात. तो कमी असेल तर तारा आणि रोहित्रे, म्हणजे गावकरी ज्याला डीपी म्हणतात ती साधने, वर्षातील थोडे दिवस जळेपर्यंत राबतात आणि उरलेले दिवस निम्मी रिकामी राहतात. वाहिनी जितकी लांब आणि तिच्यावरचा प्रवाह जितका जास्त, तितका शेवटच्या टोकाला दाब कमी पडतो, आणि तारांतील हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. टोकाच्या शेतकऱ्याची मोटार जळते ती या गणितामुळे.

विदर्भात विजेचा तुटवडा होता म्हणून हे घडले, असे म्हणता येत नाही. कोराडी 1974 पासून चालू झाले. चंद्रपूरची क्षमता 1997 पर्यंत 2,340 मेगावॉटवर गेली, आणि तेथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे 750 किलोमीटरची, 1,500 मेगावॉट क्षमतेची उच्चदाब एकदिश वाहिनी 1999 च्या सुमारास कार्यान्वित झाली. 1 मे 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच तालुका असलेल्या तिरोड्याला पुढे 660 मेगावॉटचे पाच संच, म्हणजे एकूण 3,300 मेगावॉट क्षमता उभी राहिली, आणि तिच्यासाठी कोराडी, अकोलामार्गे औरंगाबादपर्यंत 765 किलोव्होल्टची वाहिनी टाकण्यात आली. इतक्या उच्च दाबाची वाहिनी जिल्ह्याच्या मागणीसाठी नसतेच; ती पश्चिमेच्या औद्योगिक पट्ट्यासाठी असते. राज्याच्या एकूण हिशेबात ते योग्यही आहे. चूक त्यानंतरची आहे: निर्मिती वाढली म्हणजे पुरवठा सुधारला, असे गृहीत धरले गेले, आणि 33 व 11 किलोव्होल्टच्या वाहिन्या व उपकेंद्रे यांची वाढ कायम मागे राहिली.

भारनियमनाच्या वर्षांत हे उघड झाले. 2005 मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरण महावितरणकडे आले, आणि त्या काळात वीजकपातीचे तास वाहिनीवरील हानी व वसुली पाहून केलेल्या गटांनुसार ठरू लागले. वसुलीची शिस्त आवश्यक होती. परंतु लांब आणि जुन्या वाहिनीची तांत्रिक हानी तिच्यावरच्या प्रामाणिक ग्राहकाच्या खात्यावर टाकणे न्याय्य नव्हते. धानाला दिवसा बारा तास थ्री फेज वीज मिळावी, ही पूर्व विदर्भातील शेतकऱ्यांची मागणी तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

केंद्रीय विद्युत प्राधिकरण ठरावीक काळाने देशाच्या मागणीचे जे सर्वेक्षण करते, त्यात अंदाजाचे एकक राज्य आणि वितरण कंपनी हे असते; त्या आकड्यात चिखल्याची खाण, गोबरवाहीची बाजारपेठ आणि सीतासावंगीच्या बांध्या एकत्र विरघळतात. खाणीच्या पंपांना पावसाळ्यात जास्त काम पडते आणि उन्हाळी धानाच्या मोटारी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये चालतात. म्हणजे या दोन मागण्या एकमेकींना पूरक आहेत, आणि त्या एकत्र मोजल्या तर उपकेंद्राचा भारगुणक सुधारता येतो, पण ही मोजणी वाहिनीच्या पातळीवरच होऊ शकते. तुमसर तालुक्याच्या पुढच्या आराखड्याचे काम महावितरण हाती घेईल, तेव्हा त्याची सुरुवात तिरोड्याच्या मेगावॉटपासून न करता चिखल्याच्या वाहिनीच्या शेवटच्या रोहित्रावर एप्रिलमध्ये घेतलेल्या दाबाच्या नोंदीपासून व्हावी.