वस्तऱ्यावरचे डाग

गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या गॅलरीत एक जुनं टेबल आहे. त्यावर सध्या अकरा वस्तरे आहेत. शेवटचा गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मिळाला; पाने, तोट्या आणि किल्ली हरवलेल्या कुलपांच्या ढिगात, एकशे वीस रुपयांना. विकणाऱ्याने पैसे मोजता मोजता विचारलं, "काय करणार याचं? आता वापरतं कोण?"

त्याचं खरंच होतं. आज सलूनमध्ये दिसतो तो वस्तऱ्याच्या आकाराचा दांडा. त्यात अर्धं ब्लेड अडकवायचं, गिऱ्हाईक उठलं की फेकून द्यायचं. एड्सच्या धास्तीनंतर हे सगळीकडे रूढ झालं आणि योग्यच झालं. जुने धारेचे वस्तरे मात्र धोकटीतून निघाले ते थेट भंगारात आले.

घेताना मी फक्त धार बघतो. अंगावरचा लाल गंज तेलात भिजवून, पाण्यात चालणाऱ्या बारीक पॉलिश पेपरने जातो. धारेवरच गंजाने टोचल्यासारखी भोकं पडली असतील, तर तो वस्तरा टेबलावर ठेवण्यापुरताच. मूठ सेल्युलॉइडची असेल तर आणखी एक घोळ असतो: जुनं सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं आणि पातं आपल्याच मुठीत गंजतं. ग्राइंडर लावायचा मोह आवरावा लागतो. पातं तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं, मग धार टिकत नाही. धार लावणं त्यामानाने सोपं. पात्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून सरकवायचं. कोन आपोआप सांभाळला जातो, कारण पाठीची जाडी त्याच हिशेबाने ठेवलेली असते.

मुठीजवळच्या दांडीवरचा ठसा मात्र जपावा लागतो. तो उथळ असतो. चकाकी आणायच्या नादात माझ्या हातून दोन ठसे कायमचे पुसले गेले आहेत. या वस्तऱ्यावर 'झोलिंगन' आणि खाली 'जर्मनी' अशी अक्षरं निघाली. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या कारागिरांना स्वस्त जर्मन मालाची चीड होती. १८८७च्या ब्रिटिश कायद्याने आणि इथे १८८९च्या व्यापारचिन्हांच्या कायद्याने परदेशी मालावर फसवे ठसे मारण्याला चाप बसला. त्यामुळे देशाचं नाव ठळक असलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

१८९०च्या आसपास आलो की मला ठशाच्या पुढचं दिसायला लागतं. त्या वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांचं केशवपन यापुढे करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. लोखंडे सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक, १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक'मधून येऊ लागली तीही त्याच सुमारास, आणि तिच्यातल्या यमूचं केशवपन मराठी वाचक विसरला नाही. आगरकर 'सुधारक'मधून या चालीवर तुटून पडतच होते. शाळेत आम्हाला शिकवले ते लिहिणारे. ज्यांच्या हातात प्रत्यक्ष वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवायचं ठरवलं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. लेख लिहिणाऱ्याचं त्या घरातलं उत्पन्न बुडत नव्हतं. न्हाव्याचं बुडत होतं.

पण सभेने चाल थांबली नाही. आमच्याच घरात थांबली नाही. १९१८च्या मानमोडीच्या तापात पणजोबा गेले, तेव्हा पणजी वीस वर्षांची होती आणि पदरात एक मुलगा. घर पंचवटीत, रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर. मुंबईच्या सभेला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती. घरात सांगितलं जायचं, "तिचीच इच्छा होती." आजीने मात्र सासूबाईंच्या तोंडून ऐकलेलं वेगळं सांगितलं. न्हावी मागच्या दाराने यायचा, दर महिन्याला. तो मान वर करायचा नाही, ही करायची नाही. एकदा तो बरेच दिवस आला नाही, तेव्हा सासऱ्यांनी माणूस पाठवून बोलावून आणला.

तो का आला नव्हता, आजारी होता की आणखी काही, हे आजीला ठाऊक नव्हतं. मी त्याचा संप करू शकतो, पण करत नाही. गिरणगावात शंभर जण एकत्र बसून नाही म्हणू शकत होते. चार-दोन घरांच्या आश्रयावर जगणाऱ्या एकट्या माणसाला बोलावणं आलं की जावं लागत असणार. पणजीला नाही म्हणता येत नव्हतं, आणि त्यालाही. पण केस तिचे जात होते, आणि आलवणाचा पदर तिला मरेपर्यंत कपाळापर्यंत ओढून घ्यावा लागला. ही दोन दुःखं एकाच मापाने मोजायची चूक मला करायची नाही.

नव्या वस्तऱ्याच्या पाठीवर काळे डाग उरलेत. आणखी घासले तर जातील, आणि ठसाही जाईल. तसेच ठेवलेत. काल धार लावून, चामड्याच्या पट्ट्यावर पन्नास वेळा फिरवून झाला. धार बसली का हे बघायला एक लांब केस लागतो. तो चिमटीत लोंबता धरून धारेला नुसता टेकवायचा. माझे केस त्या कामाचे नाहीत. लेकीला हाक मारली. तिने फणीतून एक काढून दिला आणि शेजारी उभी राहिली. केस टेकला आणि आवाज न होता तुटला.

"कोणाचा होता रे हा, बाबा?" तिने वस्तऱ्याकडे बघून विचारलं.

मी तिला खुर्ची ओढून दिली आणि पणजीपासून सुरुवात केली.