रकान्यांच्या बाहेर

२००७ साली ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी ‘डायनॅमो’ या आपल्या साठवण यंत्रणेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी काही आडपडदा न ठेवता एक गोष्ट कबूल केली: ग्राहकाने खरेदीच्या टोपलीतून काढून टाकलेली वस्तू क्वचित टोपलीत परत येऊ शकते. बँकेत काढलेले पैसे असे खात्यात परत अवतरले असते, तर हिशेबनिसाची झोप उडाली असती. दुकानदाराचा हिशेब निराळा. परत आलेली वस्तू गिऱ्हाईक थोडं वैतागून पुन्हा काढून टाकील. पण त्याने टोपलीत टाकलेली वस्तू नाहीशी झाली, किंवा ‘आत्ता नोंद घेता येत नाही’ असं त्याला ऐकावं लागलं, तर विक्रीच गेली. या यंत्रणेवरच्या टोपलीने एका दिवसात ३० लाखांहून जास्त खरेद्या पार पाडल्याचं त्याच निबंधात म्हटलं आहे. एवढा खप असलेल्या दुकानाने थोड्या घोळाला हरकत नाही, पण दार बंद नको, असं ठरवलं.

‘नोएसक्यूएल’ या नावाने जे डेटाबेस पुढे गाजले, त्यांच्या मुळाशी हा दुकानदारी व्यवहार आहे. मात्र टेबलाला, म्हणजे आडव्या ओळी आणि उभे रकाने यांच्या तक्त्याला, बगल देऊन माहिती साठवण्याची रीत ॲमेझॉनने शोधली नाही. टेबलाच्या आधी ती होतीच.

साठच्या दशकात चंद्रावर जायच्या यानाच्या लाखो सुट्या भागांची यादी सांभाळायची होती. कुठला स्क्रू कुठल्या जोडणीत, ती जोडणी कुठल्या यंत्रात, ते यंत्र यानाच्या कुठल्या टप्प्यात, अशी ही उतरंड. आयबीएम आणि रॉकवेल यांनी मिळून तिच्यासाठी ‘आयएमएस’ ही झाडासारखी फांद्या फुटत जाणारी रचना बनवली. १४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथे एका टर्मिनलवर ‘आयएमएस रेडी’ ही अक्षरं पहिल्यांदा उमटली. माणूस चंद्रावर उतरायला अजून वर्षभर अवकाश होता. अपोलो मोहीम संपून पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी आयएमएसची नवी रूपं मोठमोठ्या बँकांच्या मेनफ्रेमवर आजही राबतात.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलची अडचण वेगळी होती. एका रोग्याची पाच तपासण्यांची नोंद, दुसऱ्याची पन्नास, तिसऱ्याची एकही नाही. सगळ्यांसाठी सारखे रकाने आखले तर निम्मे रिकामे राहणार. १९६६-६७ च्या सुमारास तिथे ‘मम्प्स’ ही भाषा तयार झाली. भाषेच्या पोटातच डेटाबेस, तोही हवा तसा, हवा तिथे वाढणारा. नाव गालगुंडाचं, पण प्रकृती ठणठणीत: अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांच्या नोंदी अनेक दशकं तिनेच सांभाळल्या.

तिसरं नाव चार्ल्स बाखमन यांचं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच नोंदींना एकमेकींशी साखळीने जोडणारी ‘आयडीएस’ ही यंत्रणा उभारली. १९७३ साली ट्युरिंग पुरस्कार घेताना त्यांनी प्रोग्रामरला खलाशाची उपमा दिली. एका नोंदीवरून दुसरीवर वाट काढत जायचं, आणि ती वाट प्रोग्रामरला पाठ हवी.

हे वाट पाठ असणंच एडगर कॉड यांना खटकलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक असलेला हा गणिती आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करत होता. जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचं सांगणं असं, की यंत्राच्या आत माहिती कशी रचली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरजच पडू नये. सगळी माहिती सपाट टेबलांमध्ये मांडा. काय हवं ते वापरणाऱ्याने सांगावं, कसं शोधायचं ते यंत्राने बघावं. १९७४ साली मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे बाखमन आणि कॉड या दोन पक्षांमध्ये जाहीर वाद रंगला. त्याच वर्षी आयबीएममध्ये ‘एसक्यूएल’ या टेबलांना प्रश्न विचारायच्या भाषेचं पहिलं रूप मांडलं गेलं. १९७९ मध्ये ऑरॅकलचा पहिला टेबलांचा डेटाबेस विक्रीला आला. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि पुढची पंचवीस वर्षं ‘डेटाबेस’ म्हटलं की टेबल हेच समीकरण झालं.

मराठी वाचकाला हा फरक समजायला संगणकाचीही गरज नाही. पेढीवरची खतावणी म्हणजे कॉड यांचं टेबल: प्रत्येक नोंदीला ठरलेला रकाना, आणि एका खात्याचा दुसऱ्या खात्याशी मेळ. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद मात्र रुमालात बांधलेले. एका रुमालात पत्र, हिशेब, यादी, सगळं जसं आलं तसं. रुमाल उचलला की त्यातला सगळा ऐवज एका हाताने मिळतो. पण ‘अमक्या साली तमक्या सरदाराला एकूण किती दिले’ असं विचारलं, तर रुमालांमागून रुमाल सोडत बसावं लागतं.

टेबलाच्या भरभराटीच्या काळातही कुरबूर थांबली नव्हती. कॉड यांचा एक कडक नियम होता: टेबलाच्या एका घरात एकच साधी किंमत हवी, घरात आणखी टेबल नको. हा नियम सैल करून टेबलात टेबल बसवता येईल का, यावर ऐंशीच्या दशकात बरंच संशोधन झालं. १९८८ च्या ‘व्हीएलडीबी’ या डेटाबेस-परिषदेत अशा एकात एक बसणाऱ्या टेबलांच्या डेटाबेसची प्रत्यक्ष उभारणी दाखवणारा एक निबंध होता. त्याचे एक लेखक इंडियाना विद्यापीठात पीएच.डी. करणारे आनंद देशपांडे. त्यांनीच १९९० मध्ये पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स ही सॉफ्टवेअर कंपनी काढली. आजच्या डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये एका नोंदीच्या पोटात दुसरी यादी सहज ठेवतात, तो विषय पुण्याच्या या उद्योजकाच्या प्रबंधकाळातला आहे, हे पुण्यातही फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही.

मग वेब आलं, आणि टेबलाची खरी कसोटी लागली. टेबलं एका यंत्रावर असली की त्यांचा मेळ, म्हणजे ‘जॉइन’, घालणं सोपं. तीच टेबलं शंभर यंत्रांवर विखुरली की मेळ महाग पडतो. गूगलने जगभरच्या वेबपानांसाठी ‘बिगटेबल’ बनवून २००६ साली त्यावर निबंध लिहिला. नावात टेबल असलं तरी त्यात जॉइन नव्हता. ॲमेझॉनला धडा मिळाला तो २००४ च्या सुट्ट्यांच्या हंगामात. ऑरॅकलवर चालणारी यंत्रणा गर्दीच्या ताणाखाली अडखळली. नंतर अभियंत्यांनी तपासलं, तर सुमारे ७० टक्के वेळा डेटाबेसला एवढंच विचारलं जात होतं: हा क्रमांक घे, त्याची एक नोंद दे. चप्पल-स्टँडवर बिल्ला देऊन आपला जोड परत घ्यावा, तसा व्यवहार. त्यासाठी जॉइन करणारं अवजड यंत्र कशाला पोसायचं?

थोडा घोळ खपवून घेण्याच्या धाडसाला शास्त्राचा आधारही मिळाला होता. बर्कलीचे एरिक ब्रूअर यांनी २००० साली एक अटकळ मांडली आणि २००२ साली गिल्बर्ट आणि लिंच यांनी ती सिद्ध केली. एकाच पतपेढीच्या दोन शाखा आहेत आणि त्यांच्यामधली फोनची तार तुटली, असं समजा. आता गिऱ्हाईक खिडकीशी आलं तर दोनच मार्ग. ‘तार जुळेपर्यंत थांबा’ म्हणायचं, किंवा हाताशी असलेल्या वहीवर विसंबून पैसे द्यायचे आणि वह्यांचा मेळ नंतर बसवायचा. अचूक वही आणि उघडी खिडकी ही दोन्ही आश्वासनं तार तुटलेली असताना एकदम पाळता येत नाहीत. ॲमेझॉनच्या टोपलीने उघडी खिडकी निवडली.

डायनॅमोच्या निबंधाच्या लेखकांमध्ये अविनाश लक्ष्मण हे एक होते. ते पुढे फेसबुकमध्ये गेले आणि प्रशांत मलिक यांच्यासोबत त्यांनी निरोपांचा शोध घेण्यासाठी ‘कसँड्रा’ बांधला. त्यात डायनॅमोची वाटणी आणि बिगटेबलची मांडणी यांचा संकर होता. कसँड्रा ही ग्रीक पुराणातली शापित भविष्यवेत्ती, आणि ‘ऑरॅकल’ म्हणजे देववाणी. नावातला टोमणा ज्याला कळायचा त्याला कळतोच. २००८ मध्ये फेसबुकने त्याची संहिता सर्वांसाठी खुली केली. गंमत अशी की २०१० मध्ये फेसबुकने आपल्या नव्या निरोपसेवेसाठी एचबेस हा दुसराच डेटाबेस निवडला. माहेरी उपेक्षित राहिलेल्या कसँड्राचं नेटफ्लिक्स आणि ॲपलच्या घरी मात्र बस्तान बसलं.

एव्हाना अशा यंत्रणांचं पीक आलं होतं, पण सगळ्यांना मिळून एक नाव नव्हतं. लंडनच्या लास्ट.एफएम या संगीत कंपनीतले योहान ऑस्कारसन यांनी ११ जून २००९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ही मंडळी एकत्र बोलावली. बैठकीला नाव हवं होतं: छोटं, लक्षात राहील असं, ट्विटरवर चिकटवता येईल आणि गूगलवर शोधलं तर भलतंच काही न सापडेल असं. त्यांनी कसँड्राच्या गप्पाकट्ट्यावर विचारलं, आणि रॅकस्पेसमधल्या एरिक इव्हान्स यांनी सुचवलं: ‘नोएसक्यूएल’. एका संध्याकाळपुरतं ठेवलेलं नाव कायमचं चिकटलं.

ते नाव कोरं नव्हतंच. इटलीचे कार्लो स्ट्रोत्सी यांनी १९९८ मध्येच आपल्या छोट्या डेटाबेसला हे नाव दिलं होतं, आणि तो डेटाबेस चक्क टेबलांचाच होता. फक्त त्यात एसक्यूएल भाषा नव्हती. नव्या मंडळींनी टेबल सोडलं असेल तर त्यांनी ‘नोरेल’ म्हणवून घ्यावं, अशी त्यांची रास्त तक्रार. पुढे ‘नो’ म्हणजे ‘नॉट ओन्ली’ अशी सारवासारव झाली. एखाद्या गोष्टीची ओळख ती काय नाही यावरून करून दिली, की असं होतंच.

त्या लाटेत सगळ्यात लोकप्रिय झाला मोंगोडीबी हा डॉक्युमेंट डेटाबेस. डबलक्लिक ही जाहिरात कंपनी विकून मोकळ्या झालेल्या मंडळींनी २००७ मध्ये न्यूयॉर्कला कंपनी काढली. ‘ह्यूमंगस’ म्हणजे अवाढव्य या शब्दाच्या मधल्या अक्षरांतून नाव घेतलं आणि २००९ मध्ये डेटाबेस सर्वांसाठी खुला केला. आधी रकाने आखायची सक्ती नाही, सुरुवात पाच मिनिटांत. पण सोयीची किंमत होती. सुरुवातीच्या वर्षांत नोंद पाठवली, की ती पोहोचल्याची पोच न घेताच प्रोग्राम पुढे जाई. पोच घेणं हा मूळ रिवाज झाला नोव्हेंबर २०१२ मध्ये. आणि जानेवारी २०१७ मध्ये कुलूप न लावता इंटरनेटवर उघडे सोडलेले हजारो मोंगोडीबी चोरट्यांनी पुसून काढले आणि परत देण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. मालकांनी दाराला कडीच घातली नव्हती.

नात्यांच्या जाळ्यासाठीच्या डेटाबेसची गोष्ट थेट मुंबईशी येऊन भिडते. निओफोरजेचे स्वीडिश संस्थापक एमिल आयफ्रेम सांगतात, की बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा ही रचना त्यांनी मुंबईला येणाऱ्या विमानात एका रुमालकागदावर रेखाटली. पुढे २०१६ मध्ये पनामा पेपर्सची १ कोटी १५ लाख कागदपत्रं चाळताना पत्रकारांनी हाच डेटाबेस वापरला. कुठल्या बेनामी कंपनीमागे कोण दडलं आहे, हे टेबलांच्या जॉइनमधून काढणं म्हणजे डोकेफोड. रेषांवरून बोट फिरवत जाणं सोपं.

पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्या कार्डामागची यंत्रणा हा या इतिहासाचा बोलका नमुना आहे. प्रत्येक नवी नोंद आधीच्या सगळ्या नोंदींशी पडताळायची, आणि नोंदी जाणार अब्जाच्या घरात. आधार प्राधिकरणाच्या तांत्रिक आराखड्यात टेबलवाला मायएसक्यूएल आणि त्याच्याशेजारी मोंगोडीबी, एचबेस आणि सोलर ही चारही नावं एका घरात नांदताना दिसतात. ‘नो’वाले आणि ‘एसक्यूएल’वाले यांचं भांडण व्यासपीठावर चालू असताना काम करणाऱ्यांनी परस्पर तह करून टाकला होता.

शिक्षणक्रमाला हे उमगायला वेळ लागला. अभियांत्रिकीच्या पिढ्या ज्या जाडजूड पाठ्यपुस्तकावर पोसल्या, (आयआयटी मुंबईचे एस. सुदर्शन हे त्याच्या तीन लेखकांपैकी एक) त्याच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीत बिग डेटाला स्वतंत्र प्रकरण मिळालं. प्रमोद सडलगे आणि मार्टिन फाउलर यांचं छोटेखानी ‘नोएसक्यूएल डिस्टिल्ड’ २०१२ चं, आणि मोंगोडीबीच्या कंपनीने फुकट ऑनलाइन वर्ग सुरू केले तेही त्याच वर्षी. खोलात जायचं असेल त्याने मार्टिन क्लेपमन यांचं २०१७ चं ‘डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह ॲप्लिकेशन्स’ गाठावं; या विषयावर इतकं स्वच्छ लिहिणारा विरळा. पुणे विद्यापीठात संगणक अभियांत्रिकीला आता एसक्यूएलच्या प्रॅक्टिकलशेजारी मोंगोडीबीचीही प्रॅक्टिकल्स असतात; एकाच जर्नलमध्ये, एकाच सहीने तपासलेली.

दरम्यान दोन्ही पक्षांनी एकमेकांचा ऐवज उचलला. टेबलवाल्या पोस्टग्रेसने २०१४ मध्ये जेसन या मोकळ्या स्वरूपातल्या नोंदींची गाठोडी चटकन शोधता येतील अशा रूपात टेबलात ठेवायची सोय केली. मोंगोडीबीने २०१८ मध्ये अनेक नोंदींवरचा व्यवहार ‘सगळा होईल, नाहीतर काहीच नाही’ अशी हमी द्यायला सुरुवात केली, म्हणजे ज्या शिस्तीपासून सुटका म्हणून लोक त्याच्याकडे आले होते तीच. अलीकडची भांडणं तंत्राची नसून मालकीची आहेत. सिसिलीच्या साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये लिहिलेल्या रेडिस या डेटाबेसचा खुला परवाना त्यामागच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये बदलला. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘व्हॅल्की’ ही वेगळी चूल मांडली गेली. कंपनी सोडून गेलेले सानफिलिप्पो वर्षअखेरीस परतले, आणि मे २०२५ मध्ये रेडिस पुन्हा खुल्या परवान्यावर आला.

जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘डॉक्युमेंटडीबी’ खुला केला; ऑगस्टमध्ये तोही लिनक्स फाउंडेशनकडे गेला. तो मोंगोडीबीच्या बोलीत बोलतो, गाठोडी घेतो, गाठोडी देतो. आत मात्र पोस्टग्रेसचं इंजिन आहे. आणि पोस्टग्रेस सुरू झाला १९८६ मध्ये बर्कलीत, मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली. त्याआधी दशकभर हेच गृहस्थ कॉड यांचं टेबल यंत्रावर चालतं हे ‘इंग्रेस’ बांधून दाखवत होते.